गाडीला रिमोट शिकवताना

मी फुशारकी मारते, असं आमच्या घरातल्या सगळ्यांचं मत आहे. ते खरं आहे. चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरी-तिसरीचे वर्ग सांभाळलेल्या बाईला तेवढा हक्क असतो, असं मी मानते. तेव्हा आधीच सांगून टाकते. आमच्या जुन्या गाडीला नवा रिमोट मी शिकवला. सोनईत, घरच्या अंगणात, कांद्याच्या चाळीशेजारी, एकही मेकॅनिक न बोलावता. ज्यांना ही फुशारकी ऐकवणार नाही त्यांनी इथेच थांबावं.

गाडी वीस वर्षांची आहे. घेतली तेव्हा पांढरी होती, आता सायीच्या रंगाची झाली आहे. एका वर्षी कांद्याने आम्हाला हसवलं, त्या वर्षी मालकांनी ती घेतली. मालक म्हणजे माझे यजमान. आमच्याकडे बायका नवऱ्याला मालकच म्हणतात. मी नोकरी करत होते, तरी मीही तेच म्हणते, फक्त माझ्या म्हणण्यात थट्टेचा भाग थोडा जास्त असतो, आणि ते त्यांनाही ठाऊक आहे. तेही मला गावासारखं ‘बाई’ म्हणतात, त्यामुळे हिशोब बरोबर होतो.

गाडीचे नियम त्यांनी पहिल्याच दिवशी जाहीर केले. चिखलाची चप्पल आत आणायची नाही. आत बसून भेळ खायची नाही. आणि दार आपटायचं नाही. या शेवटच्या नियमापायी त्यांनी माझ्या सख्ख्या भावाला भर लग्नाच्या मांडवाबाहेर सुनावलं होतं. भाऊ अजून आमच्या गाडीचं दार लावताना आधी त्यांच्याकडे बघतो.

मी बावन्नाव्या वर्षी गाडी चालवायला शिकले. शिकवणारे मालकच. मी वर्गात जेवढी कडक, त्याच्या दुप्पट ते गाडीत. गिअर मोकळा आहे का बघायचा, क्लच दाबायचा, चावी फिरवायची, समोर डॅशबोर्डवरचे दिवे लागले की उजवा हात आधी स्टेअरिंगला आणि मग कपाळाला लावायचा, आणि मगच स्टार्टर मारायचा. नमस्कार हा त्यांच्या लेखी ड्रायव्हिंगचाच भाग होता, क्लचसारखा. मी एकदा तो विसरले, तर त्यांनी गाडी बंद करायला लावून मला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायला लावली. शेजारून जाणारा उसाचा ट्रॅक्टर थांबून बघत होता. त्यानंतर मी काही तो विसरले नाही.

गेल्या थंडीत कांद्याच्या रोपांना पाणी देताना मालकांना झटका आला. उजवी बाजू गेली. आम्ही वेळेत नगरला पोचलो, कारण गाडी मी चालवली, आणि तेव्हा मी ती कशी चालवली ते मला आजही आठवत नाही. पाय हळूहळू परत आला. डाव्या हातात काठी घेऊन ते अंगणात फिरायला लागले. उजवा हात मात्र आला नाही. तो खांद्याला टांगलेला असायचा, नुसता. बोटं थोडी मिटायची, पण कोपरापासून वर हात उचलायचा म्हटलं की त्यांच्या कपाळावर घाम यायचा आणि हात जागचा हलायचा नाही.

नगरला दर सोमवारी फिजिओथेरपी असायची. तिथल्या मॅडम तरुण होत्या, पण बोलायला सरळ. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, “बाई, हाताला वळण लागायचं ते याच काही महिन्यांत. आत्ता सोडलं तर हात आहे तिथंच राहतो. एकही सोमवार चुकवू नका.” मी हे मालकांना सांगितलं नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर मात्र सगळे सोमवार लाल पेनाने गोल करून ठेवले.

आता गाडी मी चालवायची आणि ते डावीकडे बसायचे. ज्या माणसाने वीस वर्षं, मला शिकवण्यापुरतं सोडलं तर, स्टेअरिंग कोणाला दिलं नाही, त्याला ते किती लागलं असेल हे मी सांगायला नको. पण एक काम त्यांनी स्वतःकडे ठेवलं होतं. रिमोट त्यांच्याकडे असायचा. सोमवारी सकाळी ते माझ्याआधी बाहेर जायचे, काठी कोपरात अडकवायचे, डाव्या अंगठ्याने बटण दाबायचे. गाडीचे चारी दिवे लुकलुकायचे, दारं खट्ट करून उघडायची. मग ओरडायचे, “चला बाई, उशीर व्हतोय!” उशीर कधीच होत नव्हता. पण गाडी चालवायचं खातं माझ्याकडे आलं असलं तरी गाडी उघडायचं खातं त्यांचं आहे, हे सगळ्या गल्लीला कळावं, एवढाच त्याचा अर्थ.

उन्हाळ्याच्या तोंडाला एकदा आमचे व्याही आले होते. त्यांना निरोप द्यायला मालक बाहेर आले आणि हाताला थोडी पकड आली आहे हे दाखवायला त्यांनी रिमोट उजव्या हातात घेतला. दोन पावलं ठीक चालले. गुरांच्या हौदापाशी आले आणि बोटं आपोआप उघडली. रिमोट पाण्यात पडल्याचा आवाज काही फार मोठा नव्हता. पण व्याही लगेच मुद्दाम मोठ्याने हवापाण्याबद्दल बोलायला लागले. त्याने जास्त वाईट वाटलं.

मी हौदात हात घालून रिमोट काढला. पुसला, उन्हात ठेवला, दोन दिवस तांदळाच्या डब्यात ठेवला. नवीन सेल घातला. तो गेला तो गेलाच. दुसरा रिमोट आमच्या लेकीच्या पॅन्टच्या खिशातून कपडे धुण्याच्या मशीनमध्ये जाऊन कधीच वारला होता.

पुढच्या सोमवारी मी चावीने माझं दार उघडलं, आत बसले, आडवी वाकून डावीकडच्या दाराची खुंटी वर ओढली. डाव्या दाराला बाहेरून चावीचं भोकच नाही. तेवढा वेळ मालक बाहेर काठी टेकून उभे. नगरला दवाखान्याबाहेर पुन्हा तेच. कडक ऊन, ते दाराशी उभे, आणि मी आतून खुंटीशी झटापट करते आहे. ती जुनी खुंटी हाताला निसटते. येताना घोडेगाव मागे पडलं. मग मालक खिडकीकडे बघत म्हणाले, “मी काय पार्सल हाय का? कुनी उघडायचं, कुनी आत ठिवायचं.”

त्याच्या पुढच्या सोमवारी पाय दुखतोय म्हणाले. नंतरच्या सोमवारी पाव्हणे येणार आहेत म्हणाले, आणि कुणीही आलं नाही. तिसऱ्या सोमवारी तर कारणसुद्धा सांगितलं नाही. ओसरीवरच्या बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. दुपारी मॅडमचा फोन आला. “काका तीन वेळा आले नाहीत. बाई, मी तुम्हाला सांगितलं होतं.” मी फोन ठेवला आणि कॅलेंडरपुढे उभी राहिले. तीन लाल गोल रिकामे गेले होते. मला राग आला. त्यांचा आला, हौदाचा आला, त्या दाराचा आला, आणि सगळ्यात जास्त, मला जी भीती वाटत होती, तिचा आला.

लेकीला पुण्याला फोन केला, तर म्हणाली, “आई, मी दिवाळीला आले की बघते. नाहीतर ती गाडीच काढून टाका आता.” दिवाळी यायला सहा महिने होते. मी तिला दोन शब्द सुनावले आणि दुसऱ्या दिवशी एसटीने नगरला गेले.

गाड्यांच्या मोठ्या वर्कशॉपमध्ये एका टाय घातलेल्या मुलाने कॉम्प्युटरमध्ये बघून सांगितलं, की एवढ्या जुन्या मॉडेलचा रिमोट आता येत नाही, सगळ्या कुलपांचा संच बदलावा लागेल. मी त्याला नमस्कार करून बाहेर पडले. मग विचारत विचारत जुन्या गाड्यांचे सुटे भाग विकणाऱ्या एका दुकानात पोचले. दुकान म्हणजे पत्र्याची शेड. दारात इंजिनं पडलेली आणि आत गल्ल्यावर माझ्याच वयाचे एक गृहस्थ चहा पीत बसलेले. मी सोनईहून आले म्हटल्यावर त्यांना चेव आला.

“सोनईच्या व्हय? तुमच्या शेजारच्या गावात तर घराला दार बी नसतंय. तुमाला गाडीला कुलूप कशाला पायजे?”

“मला कुलूप लावायचं नाहीये,” मी म्हटलं, “उघडायचंय.”

ते हसले आणि एका खोक्यात हात घालून खळखळ करत शोधायला लागले. मोडीत निघालेल्या गाड्यांचे रिमोट होते ते. आमच्याच मॉडेलचा एक निघाला. बटणावरचं चित्र झिजलेलं, पण सेल घातल्यावर लाल दिवा लागला.

“पन ह्यो तुमच्या गाडीला वळकत न्हाई,” ते म्हणाले. “गाडीला शिकवावा लागतोय. गाडी आना, दोन दिस ठिवून जावा.”

गाडी दोन दिवस नगरला ठेवायची म्हणजे घरी चार माणसं विचारणार, आणि मालकांना कळणार की त्यांच्यासाठी मी दारोदार फिरते आहे. ते मला नको होतं. मी म्हटलं, “कसं शिकवतात ते मला सांगा. मी शिकवते.”

“न्हाई जमायचं वो. चावी चालू करायची, बटन दाबायचं, चावी बंद करायची, सगळं चार सेकंदाच्या आत, अन् तेबी चार येळा लागोपाठ. जरा उशीर झाला की पुन्हा पयल्यापासून. आमच्या कारागिराकडून बी चुकतंय. बाईमान्साचं काम न्हाई ते.”

माझ्या नाकावर राग असतो हे खरं, पण त्या दिवशी तो नाकावर थांबलाच नाही. चौतीस वर्षांत मला पुष्कळ लोकांनी पुष्कळ काही जमणार नाही म्हणून सांगितलं होतं. पण शिकवायला जमणार नाही, असं म्हणणारा हा पहिलाच. ज्या पोरांना ‘ब’ आणि ‘व’ एकच वाटायचं त्यांना मी वर्षाच्या शेवटी धडा वाचायला लावला आहे. एका गाडीचं काय घेऊन बसलात? मी रिमोट रुमालात बांधला आणि एसटी पकडली.

घरी आल्यावर मोबाईलवर व्हिडिओ शोधले. आमच्या गाडीचा एक सापडला. तो परदेशातला होता. गोरा माणूस, डावीकडे स्टेअरिंग, आणि बोलणं इतकं भरभर, की जणू त्याची बस सुटत होती. मी तो थांबवत थांबवत अकरा वेळा बघितला. त्याच्या बोलण्याकडे लक्ष दिलं नाही, हाताकडे दिलं. मग एका वहीच्या पानावर पाठाचं टाचण काढलं, शाळेत काढायचे तसं. उद्देश : गाडीने नवा रिमोट ओळखणे. साहित्य : चावी, रिमोट. कृती : सर्व दारे घट्ट बंद. चावी चालू, स्टार्टर नाही. समोरचे दिवे लागताच रिमोटचे बटण दाबणे. चावी बंद. लगेच पुन्हा चालू. असे चार वेळा. एका वेळेला चार सेकंदांहून जास्त जाऊ देऊ नयेत. चौथ्या वेळी दारांची कुलपे आपोआप खट्ट वाजतील. ती वाजली की बटण पुन्हा एकदा दाबणे. मूल्यमापन : बाहेरून उघडून पाहणे. मूल्यमापनाखाली मी दोन रेघा मारल्या.

रविवारी सकाळी भाकरी उरकून मी अंगणात गेले. मालक ओसरीवर बाजेवर होते, नेहमीसारखे भिंतीकडे तोंड. मी काय करते आहे ते त्यांना सांगितलं नव्हतं. गाडीत बसले, टाचण समोर काचेला टेकवलं, आणि दार घट्ट लागायला हवं म्हणून ते चांगलं आपटलं.

“दार आपटू नगंस!”

कित्येक दिवसांत त्यांनी आपण होऊन बोललेलं हे पहिलं वाक्य. मला इतकं बरं वाटलं की मी दार उघडून पुन्हा एकदा आपटलं. बाज करकरली. म्हणजे कूस बदलली होती.

मी कामाला लागले. उजव्या हाताने चावी, डाव्या हातात रिमोट. चालू, दाबला, बंद. चालू, दाबला, बंद. चार झाले. काही नाही. कुलपं मख्ख. पुन्हा चार. पुन्हा काही नाही. रिमोटचा लाल दिवा तर लागत होता. मी तो वर केला, खाली केला, काचेपाशी नेला. वर्गात एखादं पोर सगळं येत असून तोंड उघडत नाही, तसं चाललं होतं. सहाव्या वेळी मी गाडीला चक्क रागावले, “एवढं सोपं येईना तुला?” तेवढ्यात काठीचा आवाज आला. मालक ओसरीच्या पायऱ्या उतरून येत होते. ते सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसत गाडीच्या पुढे, बॉनेटपाशी, येऊन उभे राहिले आणि काचेतून माझ्याकडे बघायला लागले.

मला वाटलं होतं ते विचारतील काय करतेस. त्याऐवजी त्यांनी काचेवरचं टाचण दिसेल तेवढं वाचलं, मागून उलटं वाचावं लागलं तरी वाचलं, आणि मग नुसते बघत राहिले. मी आणखी दोन वेळा करून बघितलं. जमलं नाही. मी घामाने भिजले होते. मनात आलं, तो पत्र्याच्या शेडमधला माणूस बरोबर म्हणत होता. हे मनात आलं याचाच मला जास्त संताप आला.

“आगं ए बाई,” मालक म्हणाले. त्यांचा चेहरा विचित्र झाला होता. आधी मला वाटलं पुन्हा झटका येतोय की काय. मग कळलं, ते हसू दाबत होते. “तू चावी फिरवल्यावं काय करतीस?”

“बटण दाबते.”

“त्याच्या आदी.”

“काही नाही. चावी फिरवते आणि बटण दाबते.”

“पुन्हा कर.”

मी चावी फिरवली. दिवे लागले. आणि मग मी पहिल्यांदा स्वतःचा हात बघितला. तो चावीवरून निघाला, स्टेअरिंगला लागला, तिथून सावकाश कपाळाला गेला, आणि मग परत चावीवर आला. बटण त्यानंतर दाबलं गेलं. नमस्कार करत होते मी. दर वेळी. आठ वेळा मिळून बत्तीस नमस्कार घातले असतील, आणि मला पत्ताच नव्हता.

“चार सेकंद तर निस्ता नमस्कारातच जात्यात!” असं म्हणून ते हसले. बॉनेटला टेकून, खांदे हलेपर्यंत हसले. त्यांचं हसणं मी थंडीपासून ऐकलं नव्हतं. मला आधी राग आला, कारण हा नमस्कार लावला कोणी? मग मीही हसले. चाळीतली मांजर कांद्यावरून उडी मारून पळाली.

“आता ते थांबायचं कसं?” मी म्हटलं. “हात आपोआप जातोय.”

त्यांनी जरा विचार केला. “असं कर. आदीच चार येळचा एकदम करून घे. मंग देवाचं बी ऱ्हायलं न्हाई अन् तुजं बी.”

मी स्टेअरिंगला हात लावून एकापाठोपाठ चार नमस्कार घातले. त्यांनी बाहेरून मोजले. मग चावी. चालू, दाबला, बंद. चालू, दाबला, बंद. चालू, दाबला, बंद. छान चाललं होतं. चौथ्या वेळी मी खूश झाले, आणि खुशीत हात निघाला आणि कपाळाला गेला.

“हाऽऽत!” मालक ओरडले. उशीर झाला होता.

मी कपाळावरचा हात तसाच ठेवून बसले. तेव्हा ते काठी टेकत डाव्या बाजूला आले. मी वाकून खुंटी ओढली. ते सावकाश आत बसले, जवळजवळ महिन्याभरानंतर. डाव्या हाताने दार ओढून घेतलं, अलगद, त्यांच्या पद्धतीने. समोर दार उघडं असल्याचा लाल दिवा लागलेलाच होता. मी दिव्याकडे बघितलं. त्यांनीही बघितलं. मग त्यांनी दार पुन्हा उघडलं, दीर्घ श्वास घेतला, आणि स्वतःच्या गाडीचं दार आयुष्यात पहिल्यांदा धाडकन आपटलं. दिवा विझला.

“रिमोट हिकडं दे,” ते म्हणाले. “तू दोनी हातांनी चावी धर. सोडू नगंस.”

मी दोन्ही हातांनी चावी धरली. बाहेरून कोणी बघितलं असतं तर वाटलं असतं बाई विहिरीचा दोर ओढते आहे. मी चावी फिरवायची, ते बटण दाबायचे, मी बंद करायची. वर्गात पाढे म्हणवून घेते तशी मी मोठ्याने म्हणत होते : चालू, दाब, बंद. एक झाला. चालू, दाब, बंद. दोन. माझा उजवा हात दर वेळी ओढ घ्यायचा, डाव्याने मी त्याला दाबून ठेवायची. तीन. चालू. दाब.

खट्ट.

चारी दारांची कुलपं एकदम वाजली. मी चावी तशीच धरून ठेवली. “दाबा,” मी कुजबुजले, “पुन्हा दाबा.” त्यांनी दाबलं. पुन्हा खट्ट. मी चावी बंद केली. मालकांनी रिमोटकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, “शिकली की गं!” ते गाडीबद्दल म्हणाले की माझ्याबद्दल, हे मी विचारलं नाही. मी ते माझ्याबद्दलच धरलं आहे.

मूल्यमापन व्हायचं होतं. आम्ही दोघं खाली उतरलो. त्यांनी दहा पावलांवरून गाडी बंद केली, उघडली, बंद केली, उघडली. मग ओसरीवरून. मग चाळीच्या मागून. दिवे लुकलुकत होते. माझी छाती फुगली. शाळेतून निवृत्त होताना शाल-श्रीफळ देऊन माझा सत्कार झाला होता, भाषणंही झाली होती. त्या दिवशी मला एवढा अभिमान वाटला नव्हता हे मी अगदी खरं सांगते. गल्लीतले एक-दोघं आवाज ऐकून बघायला आले. मी प्रत्येकाला पहिल्यापासून सगळं सांगितलं, नमस्काराचा भाग वगळून. तो भाग मालकांनी सांगितला. त्यातल्या एकाने आपल्याही गाडीचं तसं करून द्या म्हटलं, तर मी त्याला टाचणाची झेरॉक्स काढून आण म्हणाले. तसं केलंही त्याने.

संध्याकाळी मी लेकीला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, “आई, तू ग्रेट आहेस.” मी म्हटलं, “ते मला माहीत आहे. दिवाळीला ये, तुला शिकवते.”

पण उद्या सोमवार होता, आणि मालक त्याबद्दल एक शब्द बोलले नव्हते. मीही विचारलं नाही. विचारलं आणि नाही म्हणाले तर? एवढं सगळं केलं ते रिमोटसाठी नव्हतं. जेवताना मी त्यांच्या उजव्या हाताकडे बघत होते. तो ताटाशेजारी पालथा पडला होता. कॅलेंडरवरचा चौथा गोल माझ्या पाठीमागे भिंतीवर होता, आणि तो मला पाठीला जाणवत होता.

सकाळी उठले, पाणी तापवलं, भाजी टाकली, भाकरी केल्या. बाजेवर मालक नव्हते. मी भाकरीचं फडकं हातात तसंच घेऊन बाहेर आले. ते गाडीशेजारी उभे होते. धुतलेला सदरा, टोपी, काठी कोपरात. गाडीचे दिवे लुकलुकले.

“चला बाई,” ते ओरडले, गल्लीला ऐकू जाईल असं. “उशीर व्हतोय!”

साडी बदलायला मी जेवढा वेळ लावते त्याच्या अर्ध्या वेळात बाहेर आले. ते आपले आपण आत बसले होते. मी बसले, दार लावलं, अलगद, आता नियम पुन्हा लागू झाला होता. क्लच दाबला. चावी फिरवली. समोरचे दिवे लागले. माझा हात निघायला लागला, आणि मी त्याला चावीवरच घट्ट धरलं. कालपासून मला त्या हाताची लाज वाटत होती. सरळ स्टार्टर मारायला निघाले.

“थांब,” मालक म्हणाले.

त्यांनी डाव्या हाताने उजव्या कोपराला खालून आधार दिला. उजवा हात मांडीवरून निघाला. थरथरत निघाला, जणू त्याच्यावर घमेलं ठेवलं होतं, पण निघाला. समोरच्या डॅशबोर्डला बोटांची टोकं लागली. मग त्यांनी डावा हात काढून घेतला. उजवा हात एकटा मागे फिरला, वर यायला लागला. छातीपर्यंत आला. हनुवटीपर्यंत आला. तिथे अडकला. कपाळ अजून वीतभर लांब होतं. त्यांच्या कपाळावर घाम आला होता आणि मान ताठ झाली होती. मग त्यांनी मान खाली घातली. हात आणखी दोन बोटं वर गेला, कपाळ तेवढंच खाली आलं, आणि दोघं मध्येच कुठेतरी भेटले.

टाचणात मी चार सेकंद लिहिले होते. याला किती लागले ते मी मोजलं नाही. चावीवर हात ठेवून बसून राहिले.

“हं,” ते म्हणाले. हात मांडीवर येऊन पडला होता आणि ते धापा टाकत होते. “आता मार स्टार्टर.”

मी स्टार्टर मारला. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली होती, समोरून टेम्पो येत होते, दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवावे लागत होते. घोडेगावच्या फाट्यापर्यंत मला डोळे पुसायला हात मोकळा मिळाला नाही.